रकाना क्रमांक चार

मार्चचा दुसरा आठवडा. लान्सिंगमधला बर्फ
ना धड गोठलेला, ना धड वितळलेला.
तिसऱ्या मजल्यावर माझ्या टेबलाशी
तीनशे बारा अर्ज आणि एक छापील कोष्टक :
धोका किती, चाळीस गुण.
दारं-खिडक्यांची अवस्था, पंचवीस.
अंदाजपत्रक जुळतं का, वीस.
उरलेले पंधरा कशाचे ते डेल्बर्टलाच ठाऊक.

एकोणीस वर्षं मी रस्त्यांच्या खड्ड्यांना गुण देत होते.
खड्डा मोजता येतो. फूटपट्टी बुडवायची, आकडा लिहायचा.
भीतीत ती कुठवर बुडवू?

मस्कीगनच्या सिनेगॉगला काचांवर फिल्म हवी आहे.
दगड आला तर काच तडकेल, पण सांडणार नाही,
असं त्यांनी लिहिलंय. सांडणार नाही. जणू दूध.
सॅगिनॉच्या चर्चला पार्किंगमध्ये दोन दिवे,
कारण बुधवारची गाण्याची तालीम सुटते तेव्हा अंधार असतो
आणि ओडेसा टिबेट्स, वय एक्याऐंशी,
गाडीपर्यंत जातात ते किल्ली मुठीत धरून,
टोक बोटांमधून बाहेर काढून.
एका मशिदीने फोनवर आलेल्या चौदा धमक्या जोडल्यात,
तारीखवार, शिव्यांसकट,
एकही शब्द न गाळता.
त्यांना मी चाळीसपैकी अडतीस दिले.
दोन का कापले, मला आजही सांगता येणार नाही.

भीक नको पण कुत्रं आवर, म्हणतात.
इथे कुत्रं आवरायलाच भीक मागायची,
तीही तीन प्रतींत,
चावल्याचा दाखला जोडून.
अजून चावलं नसेल तर गुण कमी.

अर्ज क्रमांक दोनशे सात.
निळ्या शाईत, हाताने लिहिलेला.
बायका-मुलांचा निवारा. अकरा खाटा.
मागणी : मागचं दार पोलादी, आतून दोन बोल्ट,
बाहेर बघायला दाराला भोक, मोठ्यांसाठी एक
आणि खाली आणखी एक, सहा वर्षांच्या उंचीला.
रकाना क्रमांक चार, जागेचा पूर्ण पत्ता :
कोरा.

डेल्बर्ट म्हणाला, अपूर्ण. बाजूला ठेव.
वाईट माणूस नाही तो. दर शुक्रवारी डोनट आणतो.
म्हणाला, दार कुठे आहे हेच सांगणार नसतील
तर पैसे कुठल्या दाराला द्यायचे?
बरोबर होतं त्याचं.
म्हणूनच राग आला.

मी फोन लावला. यंत्र बोललं :
तुमचं नाव सांगा. आमचं विचारू नका.
मी नाव सांगितलं, खातं सांगितलं,
आणि माझाच आवाज ऐकून गप्प झाले.
इतक्याच गोड आवाजात
तोही फोन करत असेल.

तिसऱ्या दिवशी एका बाईचा फोन आला. नंबर दिसत नव्हता.
तो रकाना भरला तर कागद किती जण वाचतील?
मी बोटांवर मोजलं. सात, म्हटलं. निदान सात.
तिच्या मागे कुणीतरी वाडग्यात कोरडं सीरियल ओतत होतं.
मग राहू दे, ती म्हणाली.
सात जणांना माहीत असलेल्या घराला
दार कशाला?

त्या संध्याकाळी सगळे गेल्यावर
रकाना चारमध्ये मी आमचाच पत्ता लिहिला.
तिसरा मजला, खोली तीनशे चौदा.
निळी शाई शोधायला अर्धा तास गेला.

ऑक्टोबरमध्ये काम पूर्ण झाल्याचा फोटो आला.
करडं दार. आजूबाजूला काही नाही,
घराचा नंबर नाही, झाड नाही, आभाळ नाही.
खालच्या भोकाची काच जराशी धुरकटलेली,
आतून कुणी नाक टेकवल्यासारखी.
प्रत्यक्ष पाहणी केली का? हो, अशी मी खूण केली.

तेव्हा सरकारदप्तरी नोंद अशी आहे की
खोली तीनशे चौदाला पोलादी दार आहे, दोन बोल्ट आहेत.
आमचं दार अजून लाकडीच आहे.
कोपराने ढकललं तरी उघडतं.