तपासनीस

बत्तीस वर्षं नोटा तपासल्या, नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
ताव उजेडाकडे धरायचा.
शाई सरकलेली, आकडा तिरका,
की बाजूला. बोलायचं काही नाही.
आता पुस्तकं तपासते.
पगार नाही, पण डोळ्यांना निवृत्ती कुणी दिलीच नाही.

वाचनालयातले दातीर मला पाहिलं की
पत्रकारांचं कपाट उघडूनच ठेवतात.
'निमसे बाई, नवं आलंय. तीनशे वीस पानं.'
मी आधी मलपृष्ठ बघते.
लेखक कुठल्या मंत्र्याशेजारी उभा आहे, त्यावरून
आत काय नसणार ते कळतं.

माझी मतं कुणी विचारत नाही, म्हणून ती पक्की आहेत.
यांची पहिली ओळ धावत येते
आणि चाळिसाव्या पानावर धाप लागते.
प्रकरण संपतं ते दार आपटून गेल्यासारखं.
'विश्वसनीय सूत्रां'ना तीस वर्षांनीही नाव मिळत नाही;
सूत्रं वारली असतील, पेन्शनीत निघाली असतील,
एखादं उपनगरला माझ्याच जिन्यात राहत असेल,
सकाळी दुधाची पिशवी घ्यायला मान खाली घालून उतरत असेल.
आणि जुने लेख गोळा करून बांधलेलं पुस्तक :
शिळ्या कढीला ऊत,
वर प्रस्तावनेची कोथिंबीर.

पण एक कबूल करते.
यांना गावांची नावं माहीत असतात.
कादंबरीवाले 'एक गाव' म्हणतात आणि सुटतात;
हे वडांगळी लिहितात, ठाणगाव लिहितात,
एसटी किती वाजताची होती,
आली नाही तेव्हा माणसं कुणाच्या ओट्यावर बसली.
एवढ्यासाठी मी यांचं पुष्कळ माफ करते.

मागच्या महिन्यात एक आणलं.
विश्राम खैरनार. नाव ऐकलेलं नव्हतं.
पदरमोड करून छापलेलं, मुखपृष्ठ भडक, टाइप बारीक,
पहिल्या वीस पानांत अठरा चुका.
मोजल्या. पेन्सिल अंबाड्यात होतीच.

मग पान एकशे सहा. गोदेचा पूर.
म्हटलं, आलं,
आता दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी लागणार.
सगळ्यांच्याच पुस्तकात लागतं, त्याच शब्दांत.
याच्याही लागलं.
पण खाली होतं :

'त्या रात्री दहाला मी फोनवर सांगितलं, जीवितहानी नाही.
पहाटे एक सापडला. मुरलिधर पगारे, वय एक्केचाळीस,
घाटाच्या वरच्या बोळात छत्र्या दुरुस्त करायचा.
मी खुलासा पाठवला. त्या जागेत साड्यांच्या सेलची जाहिरात गेली.
पुन्हा पाठवला नाही.
कंटाळा आला होता, हेच खरं कारण.'

बस्.
पुढचा परिच्छेद थेट कांद्याच्या लिलावाचा.

प्रेसमध्ये आम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं,
नोट खराब गेली तर जाऊ दे,
नंबर हरवता कामा नये.
खराब तावाचा नंबर वहीत उतरवायचा,
खाली सही, त्याखाली दुसऱ्याची सही.
घरी पोळ्या लाटतानाही मला ते आकडे दिसायचे.

मी पान उजेडाकडे धरलं. उगीचच.
मागच्या पानावरचा लिलाव या पानातून दिसत होता.
इतका हलका कागद.

एवढ्या वर्षांनी माणसाचं नाव छापलं
आणि 'मुरली'तला 'ली' ऱ्हस्व!
पेन्सिल काढली. वेलांटी दुसरी केली, ठळक.
मग मागे जाऊन
त्या अठरा खुणा खोडरबराने पुसून टाकल्या,
भुसा फुंकून.

दातीरांनी विचारलं, 'कसं होतं?'
'छपाई वाईट,' म्हणाले,
'पुन्हा माझ्याच नावावर टाका.'