पंचेचाळीस अंश

माहीमला, टाइल्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर
आमची लॅब. खिडक्या कायमच्या बंद.
रोहिदास तांडेल डबी घेऊन आला
शर्टाच्या आत, काखेशी धरून.
कुणी सांगितलं असं आणायला?
"कुणी नाही. आई अंडी अशीच आणायची
खुडूक कोंबडीसाठी."

नमुना पातळ व्हायला अर्धा तास.
तेवढ्यात त्यानं विचारलं,
"मशीनमध्ये फिरवता ना, मॅडम,
चक्कर येत नाही का त्यांना?"

मी हसले. मग हसू घशाशी अडकलं.
सात वर्षं फिरवत आले होते,
दोनदा, जोरात, सांगितलं तसं:
तळाशी गोळा बसला की काम झालं.
गोळ्यात सगळेच एकमेकांवर रेटलेले,
मेलेले, मोडक्या मानेचे, पांढऱ्या पेशी धगधगत्या,
आणि त्या धगीत चांगलेही पोळत.
नंतर काचेखाली छान पोहायचे.
आतला डीएनएचा धागा तुटलाय का
हे शेपटी सांगत नाही.

मागच्या महिन्यात एकाच माणसाचा नमुना
मी दोन नळ्यांत वाटला.
एक फिरवली, एक नुसती ठेवली.
मग रंग देऊन पाहिलं:
ज्याचं शाबूत, त्याच्याभोवती वलय;
ज्याचं तुटलं, तो नुसता ठिपका.
फिरवलेल्यात ठिपके जास्त.
आकडे वहीत आहेत.
सुळे सरांना अजून दाखवले नाहीत.

आज तांडेलची नळी तिरकी ठेवते,
पंचेचाळीस अंशांत, सदतीस डिग्रीच्या उबेत.
वर माध्यमाचा थर, कडेकडेनं,
खालचं ढवळू न देता.
आणि हात काढून घेते.
ज्याला यायचंय त्यानं यावं वर.

एक तास.
बाहेर तो आणि पुष्पलता
एकाच बाकावर, मध्ये हेल्मेट.
"भरतीला मासा आपणहून चढतो खाडीत,"
तिला सांगतोय की मला, कळत नाही.

वरचा थर उचलते. मोजते.
दशलक्षांत: चौदातले दोन.
फिरवले असते तर पाच मिळाले असते,
सर म्हणतील, आणि खोटं नाही ते.
मी दोन लिहिते.
उरलेले बारा पिवळ्या पिशवीत.
त्यांच्यात एखादा
नुसता उशिरा निघालेला असेलच.

पुष्पलता दारातून: "झालं?"
"निवडून झालं," मी म्हणते,
हातमोजे काढते, आणि नळीवरचं नाव
पुन्हा वाचते, अक्षर अक्षर.