दोन पट्ट्यांतला फरक

क्लुंगकुंगच्या खालच्या अंगाला, भट्ट्यांच्या गल्लीत,
पांदे रुंदाह मांडीवर कांशाची पट्टी घेऊन बसलाय.
लवंगेची विडी कानावर;
कानाला आता तेवढंच काम.
दात तीन उरलेत. शेजारी एक बारकी काठी,
तिचं टोक चावून चावून काळं पडलेलं.

समोर एकाच फळीवर दोन वाद्यं, जुळी.
नातवानं, आर्दिकानं, काल रात्री जागून
दोन्हींच्या पट्ट्या एक केल्या.
मोबाइलवर काटा मधोमध, हिरवा दिवा,
हिलाही चारशे बारा, तिलाही चारशे बारा.
"झालं," म्हणाला. "आता भांडण नाही."

म्हाताऱ्यानं काठी दातात धरली, फळीला टेकवली,
खूण केली: वाजव.
सूर आला. सरळ आला.
भिंतीपर्यंत गेला आणि
पाहुणा उंबऱ्यावरूनच परत फिरावा तसा गेला.
"गोड आहे," म्हातारा म्हणाला. "मेलंय."

मग एक पट्टी उतरवून उलटी केली,
पोटाला, मधोमध, कानस फिरवली.
मध्ये पातळ झाली की पट्टी लवचिक होते, सूर उतरतो.
टोकं हलकी केली की चढतो.
हे त्याला कुणी शिकवलं नाही,
कांशानंच सांगितलं, बोटं भाजून घेऊन, चाळीस वर्षं.

वीस-बावीस हात. पिवळा भुगा सरोंगला पुसला.
वाजव.

आणि आता आली,
वां वां वां वां,
फुगणारी, ओसरणारी.
दोन सूर हातात हात घालून पळताना
एकाचं पाऊल जरा लांब, दुसऱ्याचं आखूड,
म्हणून कधी पावलं एकदम पडतात, कधी उलटी.
एकदम पडली की भरती.
उलटी पडली की एक ढकलतो तिथंच दुसरा ओढतो,
बेरीज शून्य, आणि क्षणभर
वाजत असलेल्या दोन पट्ट्यांमधून शांतता ऐकू येते.
इथं तिला ओम्बाक म्हणतात. म्हणजे लाटच.
खालच्या पट्टीला भुंग्याचं नाव आहे,
वरचीला शोषून घेणाऱ्याचं.
चारशे पाच, चारशे बारा.
जीव त्या सातात. बाकी नुसतं कांसं.

नुसतं कांसं तर शेजारच्या कोंबड्यालाही ऐकू जायचं नाही.
खाली बांबू असतो. उभा, वीतभर, तळाला पेरानं बंद.
आत हवा.
ही हवा कुणालाही ओ देत नाही.
तिला तिच्या लांबीचं एक नाव असतं,
हाकेत नेमकं तेच आलं तर उठते,
नाही तर भट्टी फुटली तरी ढिम्म.
पट्टीचा धक्का तळाशी जातो, पेरावर आपटून परततो,
तोवर पट्टी वर सरकून वाट मोकळी करते,
आणि पुढचा धक्का ह्याच्या पावलावर पाऊल टाकतो.
हवा जात नाही कुठे.
देवळाचं छप्पर शाकारताना
गवताच्या पेंढ्या हातोहात वर चढतात,
माणसं आपापल्या पायरीवरच असतात, तसं.
मग पोकळ बांबू नादाला लागतो,
आणि एकदा लागला की
गल्ली ओलांडून भाताच्या खाचरांपर्यंत जातो.

आर्दिकानं विचारलं, "तुम्हाला ऐकू कुठे येतं?"
म्हाताऱ्यानं काठी पुढे केली.

काठीला लवंगेचा वास. पोरानं तोंड वाकडं केलं,
दातात धरली, वाजवलं,
आणि कवटीच्या आत समुद्र.
कान नाही, कानाचा पडदा नाही,
हाडांनाच भरती, हाडांनाच ओहोटी.
पोराचे डोळे आपोआप मिटले.

म्हाताऱ्यानं बोटं नाचवून विचारलं, किती?

"सात."

"मला साडेसहा लागतात," म्हातारा म्हणाला,
पट्टी पुन्हा मांडीवर घेतली
आणि ह्यावेळी टोकं घासायला लागला.