खोल्या मोजताना

एजंट अंगडी चपला काढून आत आला,
वहीत पेन टेकवून म्हणाला,
"किती बीएचके लिहू की हो, बाई?"

मी मोजायला लागले.

चौसष्ट साली टिळकवाडीत, तिसऱ्या गेटच्या अलीकडे,
अप्पांनी फाउंड्रीच्या पैशातून हे बांधलं.
ओस्वाल्ड परेरानं निळ्या कागदावर
आठ खांब काढले, वर उलटं छप्पर,
फुलपाखरू पंख उचलून बसल्यागत,
आणि मधल्या भिंती काढायच्या विसरला
असं हुवाप्पा गवंड्याला वाटलं.
सागवानी चौकट घेऊन तो दोन दिवस फिरला.
"सायेब, दार कुठं बसवू?"
"भिंतच नाही तर दार कसलं?"
ती चौकट पुढं कोंबड्यांच्या खुराड्याला लागली.

वास्तुशांतीला कडोलकर काकू आल्या
नि आईला बाजूला घेऊन (बाजू नव्हतीच)
विचारून गेल्या, सिमेंटचं परमिट
मधेच संपलं काय गं?

चुलीपासून फाटक दिसे,
फाटकापासून चूल.
बांगडा तळला की सोफ्यावरच्या शालीला वास.
दादाचा निकाल, फाउंड्रीतला संप,
आत्याचं मोडलेलं लग्न,
सगळं एकाच उजेडात,
जाळीतून लाल कोब्यावर पडलेल्या
त्याच चौकोनांत.

आई धारवाडची.
परेराच्या मोकळ्या हॉलमध्ये
तिनं कुणाला न विचारता एक खोली बांधली.
फोन उचलायची, मावशीशी कन्नडात बोलायची,
आणि अप्पा, चार हातांवर पेपर वाचत,
बाहेर राहायचे.

मी उंबऱ्यापर्यंत जायची.
साकु, इरली, बिडु,
एवढे शब्द हाताला लागायचे.
आत अंधार.

एकदा ती तिथं इतकी हसली
की वायर गुंडाळलेलं बोट निळं पडलं.
"काय झालं?" अप्पांनी विचारलं.
"काही नाही," ती मराठीत म्हणाली.

छप्पर पडणार, मला ठाऊक आहे.
सहा मजले येतील, दारंच दारं.
पावसात ते फुलपाखरू गळायचंच,
मधोमध, बरोबर जेवणाच्या टेबलावर;
आम्ही पातेलं ठेवून जेवायचो.
त्याचं काही वाईट वाटत नाही.

अंगडीचा मोबाईल वाजला.
"हां, हेळ्री," म्हणत
तो नेमका फोनच्या कोनाड्याशी जाऊन थांबला,
भिंतीला टेकावं तसा, काहीच नसताना.

मी बाहेर उभी, त्याची वही हातात.
टू, असं त्यानं
येण्याआधीच लिहून ठेवलं होतं.