गृहभेट अहवाल, पान तिसरे

दुलूथच्या चढावरून त्या दिवशी तळं दिसत नव्हतं,
नुसतं पांढरं धुकं, आणि त्याच्या पोटात कुठेतरी
खनिज वाहणाऱ्या बोटीचा भोंगा.
वेस्ली काँगासने दार उघडलं
तेव्हा त्याच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर होता.
"खिडकीची कडी," तो म्हणाला. "रात्री सैल वाटली."

माझा फॉर्म अकरा पानांचा.
नळाचं गरम पाणी: एकोणपन्नास अंश. ठीक.
धुराची घंटा: दोन. दोन्ही वाजतात
(त्याने वाजवून दाखवल्या, मग शेजाऱ्यांची भिंतीतूनच माफी मागितली).
पाळण्याच्या गजांमधलं अंतर मोजायला वाकले
तर लाकडावर पेन्सिलीची खूण.
आधीच मोजून झालेलं.
चादर अशी ताणलेली की नाणं टाकलं तर उडेल.
मूल झोपतं त्या पाळण्यात सुरकुत्या असतात.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं, मला ठाऊक नाही.

कॉफी घ्यायला आम्हाला मनाई.
त्याने दोन कप भरले तरीही.

मुलगी अकरा महिन्यांची.
ती जन्मल्याचं त्याला कळलं एकेचाळिसाव्या दिवशी,
पेट्रोल पंपावर, तिच्या आईच्या मावसभावाकडून, सहज बोलता बोलता.
बापांच्या नोंदवहीत नाव लिहायची मुदत
तिसाव्या दिवशी संपलेली.
न्यायाधीशबाई तरी म्हणाल्या, एकदा घर बघून या.
म्हणून मी.

"अशी वही असते हे मला कुणी सांगायचं होतं?"
मग बऱ्याच वेळाने, कपाकडे बघत,
"मीच फोन करायला हवा होता तिला. भांडलो, म्हणून काय झालं."
हे मी लिहून घेतलं.
लिहिल्यावर कळेना, हे त्याच्या बाजूचं की विरुद्ध.

आईला नाळ असते, कापली तरी तिची खूण राहते.
बापाला कागदच लागतो.

वकील त्याला म्हणाला होता, मायेला तारीख हवी.
त्याने पावत्या जमवल्या.
लंगोट, मोजे, ताप मोजायची नळी, ठोकळ्यांची बादली.
खराब होऊ नयेत म्हणून एकेक
पारदर्शक प्लास्टिकच्या पाकिटात घातली, फाइल केली.
ती त्याने माझ्यापुढे उघडली.
कोरी. पुढचं पान, कोरं.
प्लास्टिकनेच शाई खाल्ली होती.
दुकानाच्या नावाची नुसती सावली उरलेली.

तो गडबडला नाही.
बोट ठेवून वाचू लागला:
"ही मार्चमधली. ही मोज्यांची, पिवळे, दोन जोड.
ही परत केली, माप मोठं निघालं,
म्हणजे मोठं असावं असं वाटलं. मी तिला पाहिलं नव्हतं तेव्हा."
एकही पान तो चुकला नाही, असं मला वाटतं.
तपासणार कशावर?

काल मी दुसऱ्या घरी होते, हर्मनटाउनला.
मार्गो हॉफस्टॅडच्या खांद्यावर मुलगी झोपलेली,
तोंड उघडं, कॉलरवर लाळेचा डाग.
तिथल्या चादरीला सुरकुत्याच सुरकुत्या.
मार्गोचा नवरा जिन्यापाशी उभा राहून विचारत होता,
"तो माणूस कसा आहे?"
त्याच्या आवाजात भीती होती, राग नव्हता.
वाईट माणसं असती
तर मी हा अहवाल बस थांब्यावर उभ्याउभ्या लिहिला असता.

फॉर्म म्हणतो: मुलाशी जवळीक, एक ते पाच.
दोन भेटी, एकेक तास, केंद्रातल्या खोलीत,
भिंतीला आरसा आणि आरशामागे कुणीतरी.
दुसऱ्या भेटीत तिने त्याचा अंगठा धरला, मग सोडला.
एक? पाच?

निघताना त्याने बूट माझ्याकडे सरकवले
आणि खाली बघतच विचारलं,
"ती झोपते कशी?"

सांगायचं नसतं. दोन्ही घरांच्या मध्ये
आम्ही भिंत असतो.

"कुशीवर," मी म्हणाले. "डाव्या."

त्याने मान हलवली, आत गेला.
दार अजून उघडंच होतं.
मी पाहिलं, तो पाळण्यावर वाकला
आणि चादरीचा डावा कोपरा
त्याने थोडा सैल केला.