सिंगल बेल

सातारा–वाई, वाई–सातारा.
एकोणतीस वर्षं.
लिंब फाट्यावर दोन उतरायचे, चार चढायचे,
मागून डबल बेल आली
की क्लच, गिअर, चला.
आत वळणारा रस्ता
माझ्या आरशात कधी मावला नाही.

आता भाच्याची सायकल आहे.
पुढचा ब्रेक कुरकुरतो, मागचा विचार करून लागतो.
पहाटे सहाला पोवई नाक्यावरून निघालो,
पाठीवर अजिंक्यतारा, नाकात गुऱ्हाळाचा धूर,
आणि पहिल्याच उतारावर
डावा पाय क्लच शोधत हवेत गेला.

बसमध्ये गावं ओळखायचो गतिरोधकांवरून.
सायकलवर ती कुत्र्यांवरून ओळखू येतात.
काचेतून दिसायचे नुसते चालते भारे,
कडब्याचे, उसाच्या वाढ्यांचे.
आज भाऱ्याखाली तोंडं दिसली.
एका तोंडानं विचारलं, "कुठं निघाला मास्तर?"
मास्तर नव्हे, ड्रायव्हर, असं सांगेस्तोवर
ती बांध उतरूनही गेली.

ओढ्याकाठी वीरगळ.
खाली गाईंसाठी लढाई,
मध्ये अप्सरा त्याला उचलून नेतात,
वर तो पिंडीपुढे बसलाय हात जोडून.
थेट सेवा नाही, तीन टप्प्यांचं तिकीट.
वरच्या टप्प्यावर कुणीतरी
धुतलेले मोजे वाळत घातले होते, शाळेचे, निळ्या काठाचे.
मी एक मोजा सरकवला.
डोळे झिजलेत त्याचे. मोजा पुन्हा जागेवर ठेवला.

मग बारा मोटांची विहीर.
पायऱ्या उतरताना ऊन वरच राहिलं.
पारव्यांनी आत एकदम टाळ्या वाजवल्यासारखं केलं.
हिरवं पाणी, त्यात तुकडाभर आकाश,
आणि काठच्या दगडांना दोरांनी घातलेले वळ.
बोट घातलं एकात. अख्खं पेर बसलं.
दुसऱ्या हाताचा तळवा बघितला:
स्टिअरिंगचा घट्टा, अंगठ्याखाली, पिवळा.
दगडाला काही बोललो नाही.
एका डेपोतली माणसं
एकमेकांना फक्त मान हलवतात.

वर आलो तर मागचं चाक बसलेलं.
बाभळीचा काटा.
कोंडाबाई घास कापत होती,
तिनं बालदी भरून दिली, ट्यूबही तिनंच दाबली पाण्यात.
"बुडबुडं कुठनं येत्यात ते बघा.
सासरा माझा मोट हाकायचा.
बैल जाताना म्होरं, येताना मागं,
त्यांना कळावं म्हणून गाणं म्हणायचा.
गाणं थांबलं की बैल थांबायचं."
मी म्हटलं, "म्हणजे बेल."
ती म्हणाली, "न्हाई, बैल."
आणि दोघंही इतके हसलो
की बुडबुडे बघायचे राहिले,
परत सगळी ट्यूब फिरवावी लागली.

परतीला हायवे.
उसाच्या ट्रॉलीमागे हळूहळू,
पाचट उडतंय, तोंडात धूळ.
मागून लाल गाडी आली, माझ्याच वेळेची, दुपारची एक चाळीस.
स्टिअरिंगवर कुणी नवा पोरगा.
हात केला. त्यानं हॉर्न दिला,
रस्त्यातून बाजूला हो, एवढाच अर्थ.
बरोबर आहे. मीही तेच केलं असतं.

पुढे एक चिंच लागली. खाली थांबा नाही,
फलक नाही, देऊळ नाही, इतिहास तर नाहीच.
एकोणतीस वर्षं कुणीतरी मागून वाजवायचं
आणि मी थांबायचो.
अंगठा घंटीवर ठेवला.
एकदाच वाजवली.
उतरलो.

कुणी चढलं नाही.
चिंचा अजून कोवळ्या होत्या,
तरी दोन खिशात टाकल्या.