साडेनऊनंतरचा भाव

आई जांभळी नाक्यावर भाजीला साडेनऊनंतर जायची.
आधी गेलं तर भाव, नंतर गेलं तर वाटे:
दहाला तीन जुड्या मेथी, कडेला थोडी पिवळी,
वांगी अशी, की दोन फेकायची आणि सहा वाचवायची.
"घाई भाजीला नसते, गिऱ्हाइकाला असते,"
म्हणायची, आणि पिशवी माझ्या खांद्याला.

ही विद्या मी पुढे गेमच्या दुकानात नेली.

मी चरईचा, तन्वीर राबोडीचा. दोघांत एक डिस्क,
जिन्याखाली बसणाऱ्या मेघराजकडून, जुनी, साडेतीनशेला.
वर आधीच्या मालकाने मार्करने लिहिलेलं: क्रिश, ७ वी ब.
पंधरवडा त्याचा, पंधरवडा माझा.
एक तारखेला आणि सोळाला
डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळून हात बदलायची.
ओरखडा पडला की टूथपेस्ट. पांढरी, जेल नाही.
आतून बाहेर पुसायचं, गोल गोल नाही.
हा शोध तन्वीरचा, अम्मीची अख्खी ट्यूब संपवून लावलेला.
शेवटचा राक्षस दुसऱ्याच्या पंधरवड्यात मेला
तर कसा मेला ते तोंडी सांगायचं,
हावभावांसकट, शाळेच्या जिन्यात.

मग तो शारजाला गेला. कोल्ड स्टोरेजमध्ये सुपरवायझर.
पहिल्या पगाराला फोन:
नवीन गेम आलाय, बेटाचा, सगळे एकत्र खेळतात,
घर बांधायचं, मासे धरायचे. मी घेतलाय, तू घे.
कितीला?
तीन हजार नऊशे नव्याण्णव.
म्हटलं, थांब. दिवाळीत उतरेल.

दिवाळीत उतरला, दहा टक्के.
दहा टक्क्यांना काय हात लावायचा.
नाताळात वीस.
मी यादीत टाकून ठेवला,
रोज दात घासताना भाव बघायचो,
काही लोक शेअर बघतात तसा.
तन्वीर आधी रोज विचारायचा. मग शुक्रवारी. मग ईदला.
मग आम्ही त्याच्या अब्बांच्या गुडघ्याबद्दल बोलू लागलो.

चौथ्या वर्षी, मार्चमध्ये, ऐंशी टक्के सूट.
सातशे नव्याण्णव रुपये ऐंशी पैसे.
आईला सांगितलं. म्हणाली,
"वाटा उलटून बघ. खालचं कुजकं असतं."

रात्रभर डाउनलोड. सकाळी बेटावर उतरलो,
तर बेटावर कोणी नाही.
धक्क्यावर दिवे, दुकानं उघडी, एक बोका,
आणि दर चाळीस सेकंदांनी वाऱ्याचा तोच आवाज.
जांभळी नाका रात्री अकराला असाच असतो:
कोबीची पानं, ओलं गोणपाट,
ताडपत्रीची घडी घालणारा एक माणूस.
इथे तो माणूसही नव्हता.

चालत राहिलो. टेकडीमागे तन्वीरचं घर सापडलं.
निळं, राबोडीतल्या त्यांच्या दारासारखं.
दारावर नाव आणि खाली बारीक अक्षरांत
शेवटची भेट: दोन वर्षं एकशे दहा दिवसांपूर्वी.
शेजारी कुंपण घातलेला मोकळा तुकडा.
आत गवत, एक बाक, बाकाला टेकवलेले दोन गळ.
कुंपणावर पाटी. पाटीवर माझं नाव,
एक एन जास्तीचा घालून,
शाळेपासून लिहितो तसंच.
त्याखाली: थांबलाय. सूट लागली की येईल.

बाकावर बसलो.
फोन काढून लिहिलं, आलो.
उत्तर दुपारी आलं, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत:
कितीला पडला?

मी सातशे नव्याण्णव लिहिलं
आणि पाठवायच्या आधी बराच वेळ
ऐंशी पैसे लिहावेत का,
याचाच विचार करत राहिलो.